पाऊणपट

मालवणात, बर्फाच्या कारखान्यावर, सोसायटीचा हॉल.
खालून अमोनियाचा वास. वर आम्ही अकरा जण,
अकरा लॅपटॉप, आणि एकच खाडी
अकरा तऱ्हांनी भरलेली.

माझ्या खाडीत तिसरी मोठी व्हायला दोन वर्षं लागतात.
हेरंबच्या खाडीत चौदा महिने.
नफीसा होडेकर दाभोळहून आली होती.
तिचं मॉडेल मी माझ्या मशीनवर चालवलं
आणि मंगळवारी दुपारी
कालावलच्या सगळ्या तिसऱ्या मेल्या.

एकही उरली नाही.
नफीसा हसली नाही. मीही नाही.
पहाटे दोनपर्यंत शोधत बसलो,
चहाच्या कपांना मुंग्या लागल्या,
तेव्हा सापडलं: तिचं वर्ष जूनला सुरू होतं.
माझं जानेवारीला.
दोघींनी लिहिलं होतं फक्त ‘दिवस पहिला’.
माझी पौषातली कोवळी पिल्लं
मी सरळ तिच्या पुरात सोडली होती.

मग एकेक निघत गेलं.
के म्हणजे माझ्याकडे वाढ, हेरंबकडे मरण.
वजन म्हणजे कोणाचं मांस,
कोणाचं शिंपल्यासकट,
आणि एकाला आठवतच नव्हतं.
‘मग सहा वर्षांचं काम मी पुन्हा लिहू?’
हेरंबने विचारलं.
कोणी बोललं नाही.
खाली बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं,
जमिनीतून ते पायांत येत राहिलं.

जेवून मी एकटीच रिक्षाने कालावलला गेले.
ओहोटी तळाला टेकलेली.
शेवंती मयेकर कमरेइतक्या पाण्यात,
पायाच्या बोटांनी चिखल चाचपत,
टोपली दोरीने कमरेला बांधून तरंगत ठेवलेली.
वर बघितलंही नाही तिने.
‘काय करतास तुमी थंय?’
‘भांडतो,’ मी म्हटलं.
‘कशावरसून?’
‘तिसऱ्या कशा मोजायच्या त्यावरून.’
तिला ते पटल्यासारखं दिसलं.

पाणी कधी चढेल, मी विचारलं.
‘आज दशमी. धाचे पाऊणपट साडेसात.
साडेसाताक पुरी भरती.’
हे कोणी काढलं?
‘काढुक काय झाला? हिशोब तो.
सगळे तसोच करतत.’
टोपलीत दोन तिसऱ्या पडल्या, टक्, टक्.
‘पण अष्टमी-नवमीक भरवसो ठेवू नको.
आणि वरच्या अंगाक, मसुऱ्याकडे,
अर्धो तास जास्ती धर.’

मी ओल्या धक्क्यावर तशीच बसले.
मोजायला कुठून सुरुवात, सगळ्यांना ठाऊक.
एवढंसं गणित, बोटांवर मावेल असं.
कुठे चुकतं, तेही त्याच दमात सांगितलेलं,
लाज न वाटता,
जसं पोराचं नाव सांगताना
ते रात्री दचकतं हेही सांगावं.

संध्याकाळी एक पान झालं.
एकच पान, त्यावर तीन जणांची खाडाखोड:
दिवस पहिला म्हणजे कुठला, ते लिहा.
अक्षराचं पूर्ण नाव लिहा.
ग्रॅम कशाचे, ते लिहा.
शेवटचा रकाना मी घातला: कुठे चुकतं.
तो पहिल्यांदा हेरंबने भरला.
सहा वर्षांच्या कामाखाली एक ओळ:
‘जुलैनंतर विश्वास ठेवू नये.’
ती लिहायला त्याला अर्धा तास लागला.
मग तो बाहेर जाऊन उभा राहिला.

नफीसाचं मॉडेल पुन्हा चालवलं.
नऊशेपैकी सहाशे बारा जगल्या.
खरं किती, खाडीला माहीत.
पण आता तेच सहाशे बारा
तिच्या मशीनवरही जगले,
त्या रात्री आम्हाला तेवढं पुरलं.

साडेसातला मी खिडकीत गेले.
होड्या अजून वर उचलल्या जात होत्या.
पाणी थांबलं तेव्हा सात चाळीस.
वहीत लिहिलं: दहा मिनिटं उशीर, बंदराजवळ, दशमी.
लिहून झालं, आणि हा आकडा
कोणाला कळवायचा, ते सुचेना.